विहिरीवर धुतलेलं बालमानसशास्त्र

वीस-बावीस वर्षं मी मुलांना "अभ्यास करा" असं सांगत आलो आणि मग एक दिवस मलाच तसा वरून आदेश आला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक. राहायला अंबडला, शाळा जवळच्याच एका खेड्यात. एकदा चिकटलो की निरोपाच्या हारापर्यंत कुणी हलवत नाही, अशा समजुतीत माझं सुरळीत चाललं होतं. तर बातमी आली, की जुन्या शिक्षकांनीही पात्रता परीक्षा पास व्हायची. नाही झालात तर नोकरीचं काही खरं नाही! घरात बारावीची मुलगी, आणि तिच्या आधी बाप परीक्षेला बसणार! आमच्याच शाळेतले शकील सर माझ्याच वयाचे, म्हणजे सत्तेचाळीसचे, दिलखुलास माणूस. ते म्हणाले, "क्या सर! इतके साल आपण पोरांचे पेपर तपासले, आता आपली बारी!" आणि खदाखदा हसले. थोड्या वेळानं मला कडुनिंबाखाली घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "सर, खरंच काढून टाकतेत का हो?"

गणित आणि भाषेची मला भीती नव्हती. घोडं अडलं ते बालमानसशास्त्रापाशी. ते मी डी.एड.ला शिकलो होतो, म्हणजे त्या तासाला बसलो होतो. पुढे एवढी वर्षं प्रत्यक्ष बालकांत काढल्यामुळे शास्त्र साफ विसरलो. कोणतं पोरगं पाढ्यांचा तास आला की पाणी प्यायला जातं, हे मी झोपेतही सांगेन. पण त्याला शास्त्रात काय म्हणतात, याचा मला पत्ता नव्हता.

तरी मी हिंमत केली. जाडजूड गाईड आणलं, पिवळा हायलायटर आणला आणि जे महत्त्वाचं वाटेल त्यावरून फिरवायला लागलो. मला सगळंच महत्त्वाचं वाटत गेलं. आठवड्याभरात पुस्तक हळदीच्या नवरदेवासारखं दिसायला लागलं. मग मोठ्यानं वाचन. एकच पान सकाळी वाचायचं, चहा झाल्यावर वाचायचं, शाळेतून आल्यावर वाचायचं. वर्गात मी मुलांना हेच सांगत असे : वाचा, पुन्हा वाचा, नाही कळलं तर आणखी वाचा.

माझी मुलगी ऋतुजा दोन-चार दिवस हे गप्प ऐकत होती. एका संध्याकाळी ती समोर येऊन बसली.

"पप्पा, झालं का हे प्रकरण?"

"तोंडपाठ!"

तिनं पुस्तक मिटलं. "मंग सांगा, अध्ययनाचे नियम कोणते?"

"ते... ते डाव्या पानावर हायत. वरच्या बाजूला."

"पान न्हाई विचारलं. नियम विचारले."

"पिवळ्या रंगात हायत बघ!"

"पप्पा, सगळं पुस्तकच पिवळं हाय!"

मी पाणी प्यायला उठलो. (पाढ्यांच्या तासाला पोरं का जातात, ते मला त्या दिवशी आतून कळलं.)

"रोज बघू बघू ते तुमच्या ओळखीचं झालंय," ऋतुजा म्हणाली, "म्हणून येतंय असं वाटून राह्यलंय. ओळखीचं होणं वेगळं अन् येणं वेगळं. पुस्तक मिटायचं अन् आठवायचं. अडलं की मंगच उघडायचं. दोन दिवसांनी परत मिटून आठवायचं. आठवताना त्रास झाला पाहिजे, त्या त्रासानंच पक्कं होतं."

हे तिनं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. मला ते पटलं, पण त्यातला त्रासाचा भाग आवडला नाही. "दुसरं काही सोपं न्हाई का?" मी विचारलं. आणि तिनं मला ती घराची पद्धत सांगितली.

पद्धत अशी. आपल्या ओळखीचं घर घ्यायचं. दारापासून सुरुवात करून एकेका वस्तूवर एकेक मुद्दा मनातल्या मनात ठेवायचा. परीक्षेत डोळे मिटून घरातून फेरफटका मारायचा आणि मुद्दे उचलत जायचं. मी खूश! अभ्यास म्हणजे नुसतं घरात हिंडणं, यापेक्षा अधिक माणसाला काय पाहिजे? मी त्याच दिवशी आमचं घर मानसशास्त्रानं भरायला घेतलं. दारातल्या चपलांच्या रॅकवर अध्ययनाचे नियम ठेवले. हॉलमधल्या कूलरवर अभिप्रेरणा ठेवली, कारण आमचा कूलर पाठीत थाप घातल्याशिवाय चालू होत नाही. देवघरातल्या घंटेवर तो घंटी आणि कुत्र्याचा प्रयोग. (शास्त्रज्ञाचं नाव लिहीत नाही, अजून घाम फुटतो.) दिवाणाशेजारच्या गोधड्यांच्या थप्पीवर माणसाच्या गरजा रचल्या : सगळ्यांत खाली जाड गोधडी, ती अन्नपाण्याची गरज, तिच्यावर सुरक्षितता, मग प्रेम, मग सन्मान, आणि सगळ्यांत वर माझ्या लग्नातली मऊ सोलापुरी चादर, ती आत्माविष्काराची गरज. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांत मुलांच्या विकासाच्या अवस्था ओळीनं बसवल्या.

आणि खरंच सांगतो, मला यायला लागलं! ऋतुजा विचारायची, मी डोळे मिटायचो, चपला काढून मनातल्या मनात घरात शिरायचो आणि फटाफट उत्तरं द्यायचो. शकील सरांनी ते ऐकलं आणि त्यांनाही चटक लागली.

"पण सर, माझ्या घरात हे जमनार न्हाई," ते म्हणाले. "आमचं एकत्र कुटुंब. मी कपाटावर काही ठेवलं की भाऊ कपाटच हलवतो. मी तुमचंच घर घेतो ना!"

"घ्या की!" मी मोठ्या मनानं म्हणालो. मनातल्या घरात जागेला काय तोटा?

असा दोन शिक्षकांचा अभ्यासक्रम आमच्या तीन खोल्यांत राहायला आला. या घराला एक मालकीणही होती, ही बाब आम्हा दोघांच्याही लक्षात राहिली नाही.

माझी बायको मंगल सुरुवातीला कौतुकानं बघत होती. चार-पाच दिवसांत तिचं कौतुक ओसरलं.

"अहो, तुरीच्या डाळीचा डबा खाली घेऊ का?"

"हात लावू नको! पहिली अवस्था हाय ती!"

"मंग वरण कशाचं करू? अवस्थेचं?"

शकील सर अभ्यासाला आले की खुर्चीवर बसायचे नाहीत, कारण खुर्चीवर त्यांचं प्रबलन, म्हणजे बक्षीस-शाबासकीचं प्रकरण, होतं. ते जमिनीवर बसायचे. शेजारच्या काकू आल्या आणि सहज खुर्चीत टेकल्या, तर शकील सर इतके कासावीस झाले, की काकूंना वाटलं, त्यांना चक्कर येतेय. काकूंनी त्यांना कांदा हुंगवला.

"तुमच्या परीक्षेपायी मी घरात चोरासारखी वावरून राह्यले," मंगल म्हणाली. "चप्पल काढायची तर नियमावर पडती, पाणी प्यायचं तर अवस्थेला धक्का लागतो. बरं, दसरा कधी काढायचा?"

माझ्या हातातलं पुस्तक गळून पडलं.

आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातली एकूण एक वस्तू बाहेर काढायची, झाडायची, घासायची, धुवायची. डबे, भांडी, पडदे, ट्रंका, गोधड्या, सगळं! भिंतीसुद्धा सुटत नाहीत. अंबडला तर नवरात्रात देवीच्या दर्शनाला गावोगावचे पाहुणे येतात आणि आमचं घर डोंगराच्या वाटेवर. ज्या बाईचा दसरा राहिला, तिची चर्चा भोकरदनपर्यंत पोचते. आणि माझी परीक्षा नेमकी घट बसायच्या आदल्या रविवारी!

मी अक्षरशः हात जोडले. "मंगल, रविवारपर्यंत थांब. पेपर झाला की मी स्वतः भिंती घासतो."

"रविवारी? अन् सोमवारी घट. एका रातीत गोधड्या वाळत्यात का?"

"माझ्या नोकरीचा प्रश्न हाय!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. बहुतेक माझा चेहरा फारच उतरला असावा. "बरं," ती म्हणाली, "बघते काही तरी." मी त्याचा अर्थ "थांबते" असा घेतला. संसाराला इतकी वर्षं झाली, तरी मंगलच्या "बघते"चा अर्थ मला लागलेला नाही.

शनिवारी आमची सकाळची शाळा. दुपारी मी गल्लीत शिरलो आणि मोटारसायकल आपोआप बंद पडली. माझं घर रस्त्यावर आलं होतं! कूलर नालीच्या कडेला पालथा. चपलांचा रॅक उभा धुऊन भिंतीला टेकवलेला. डबे सतरंजीवर उन्हात चमकत होते, झाकणं एकीकडे, डबे एकीकडे. पहिली अवस्था कुठली आणि चौथी कुठली, कळायला मार्ग नव्हता. ओट्यावर बसून ऋतुजा चिंचेच्या कोळानं देवघरातली घंटा घासत होती.

"हे काय!" मी ओरडलो. "आई कुठं हाय?"

"बाळूमामाच्या शेतात गेली. गोधड्या धुवायला. मामाचा टेम्पो आल्ता."

"अगं, पण उद्या पेपर! मी तिला सांगितलं होतं..."

"मामाकडं या आठवड्यात दिवसाची लाईट हाय. पुढच्या आठवड्यात रातची. आज मोटार चालणार, मंग आजच धुवायचं ना! शाळेच्या टायमाला तुमचा फोन बंद होता. आई म्हणाली, पप्पाच सांगतेत की सगळं डोक्यात हाय. मंग घरातलं हलवलं तर काय होतंय?"

मुद्दा बिनतोड होता. मी डोळे मिटले आणि मनातल्या घरात शिरायला गेलो, तर मनातलं घरही रिकामं! धुतलेली फरशी आणि कोपऱ्यात झाडू. नियम नाहीत, अवस्था नाहीत, गरजा नाहीत. खरं सांगतो, मला त्या क्षणी भरल्या गल्लीत रडू यायचंच बाकी होतं. एवढी वर्षं केलेली नोकरी, तिच्यावर उभं असलेलं घर, पोरीचं शिक्षण, सगळं त्या गोधड्यांबरोबर टेम्पोतून गेलंय असं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. शकील सर.

"सर, मी आत्ता मनात उजळणी करून राह्यलो होतो. सगळं घर बराबर हाय ना?"

मी पालथ्या कूलरकडे पाहिलं.

"सर, वहिनींनी कूलर हलवला का? सच बोला!"

"शकील सर," मी म्हणालो, "दसरा निघाला."

पलीकडून बारीक आवाजात, "खुर्ची?"

"खुर्ची दिसत न्हाई."

"या अल्लाह! माझं सगळं प्रबलन!"

फोन ठेवेपर्यंत ते गल्लीत हजर झाले. ऋतुजानं चिंचेचे हात धुतले आणि आम्ही तिघं मोटारसायकलवर बसून (शिक्षकानं करू नये ते केलं) बाळूच्या शेताकडे निघालो. बाळू म्हणजे मंगलचा भाऊ. त्याचं शेत गावाला लागूनच, मोसंबीची बाग आणि मधोमध विहीर. दुरूनच दिसलं, की आमच्या कुटुंबाच्या गरजा न पिळताच बागेत निथळत पडल्यात. सुरक्षितता एका मोसंबीच्या झाडावर, प्रेम काटेरी कुंपणावर. सन्मानाला बाळूचं वासरू चघळत होतं. खुर्ची विहिरीच्या काठावर होती आणि तिच्यावर साबणाचा चुरा ठेवला होता.

"माझं प्रबलन!" शकील सर तिकडे धावले.

मंगल विहिरीशेजारच्या हौदात गुडघाभर पाण्यात उभी राहून जाड गोधडी तुडवत होती. आम्हाला बघून ती थांबली नाही.

"दाजी!" मोटारीपाशी उभा असलेला बाळू ओरडला. "बरं झालं आलाव! लाईट जायच्या आत उरकायचंय!"

"बाळू, थांब! मंगल, थांब! मला बघू दे कुठली गोधडी कुठं होती!"

"आता बघून काय करताव?" मंगल म्हणाली. "या इकडं, एक टोक धरा अन् पिळा."

"उद्या पेपर हाय गं माझा!"

"मंग पिळता पिळता अभ्यास करा. तोंड मोकळंच हाय की!"

मी हताश होऊन ऋतुजाकडे पाहिलं. मला वाटलं, निदान ती तरी बापाच्या बाजूनं बोलेल. पण तिचे डोळे चमकत होते.

"पप्पा, आई बराबर बोलून राह्यली! घरात वस्तू बघून बघून तुम्हाला परत नुसतं ओळखीचं झालंतं. आता खरं आठवावं लागंल. ही गोधडी थप्पीत कुठं होती?"

"खालून पहिली."

"तिच्यावर काय होतं?"

मी पुस्तकाला हात घातला. तिनं ते काढून बाळूमामाकडे दिलं. बाळूनं ते मोटारीच्या पेटीत ठेवून वर कुलूप लावलं!

मग जे झालं, त्याला अभ्यास म्हणायचं की मजुरी, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. गोधडीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं शकील सरांच्या. ऋतुजा मधे उभी. मुद्दा आठवला तर पिळायचं, नाही आठवला तर मंगल ती गोधडी परत पाण्यात टाकायची!

"शारीरिक गरज!" मी ओरडलो. "अन्न, पाणी, झोप!"

"पिळा!"

"सुरक्षितता!" शकील सर.

"पिळा!"

तिसऱ्या गोधडीला दोघंही अडलो. खाली सुरक्षितता, वर सन्मान, मधलं काही केल्या आठवेना. गोधडी ओली, हात गेलेले, पाठीतून कळा. मंगल आमच्याकडे बघत उभी होती. तिच्या साडीचा काठ भिजून लोंबत होता आणि कपाळावर साबणाचा फेस. मला एकदम तिची दया आली, आणि तेव्हाच आठवलं.

"प्रेम! प्रेमाची अन् आपुलकीची गरज!" मी अख्ख्या शिवारात ऐकू जाईल असा ओरडलो.

शेजारच्या शेतात कापूस बघायला आलेला माणूस बांधावरच थबकला. मंगल लाजली. "हळू बोला की जरा," ती म्हणाली. बाळूनं मुद्दाम मोटारीकडे तोंड फिरवलं.

वासराच्या तोंडातून सन्मान सोडवताना तो थोडा फाटला. त्याला इलाज नव्हता. संध्याकाळी सगळं घरी आणलं. एकेक वस्तू आत न्यायची, पण तिचा मुद्दा सांगितल्याशिवाय ऋतुजा दारातून आत सोडत नव्हती. कूलर धरून मी आणि शकील सर उंबऱ्यात अडकलो, कारण अभिप्रेरणेचा एक प्रकार आठवत नव्हता. शेजारच्या काकूंनी त्यांच्या घरातून आवाज दिला, "आंतरिक अन् बाह्य!" (आमच्या आरडाओरड्यानं अर्ध्या गल्लीची परीक्षेची तयारी झाली होती.)

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या केंद्रावर पोचलो, तेव्हा माझे खांदे कानापर्यंत आले होते. पेन धरवत नव्हतं. योगायोग असा, की शकील सर माझ्या पुढच्याच बाकावर. मनातल्या घरात जायला डोळे मिटले, तर घर नाहीच! समोर मोसंबीची बाग, विहीर, आणि पाण्यात उभी मंगल. "पिळा!" ती म्हणाली. आणि काय सांगू, मुद्दे एकामागून एक यायला लागले. मी उत्तरांचे गोळे रंगवत गेलो. अडलं की गोधडीचं टोक धरायचं, जरा पीळ द्यायचा, उत्तर गळायचं.

अडचण एवढीच, की हे पिळणं मनात होत नव्हतं. ते हातांनी होत होतं.

"ओ सर!" पर्यवेक्षक मॅडम माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. "हातानं काय खाणाखुणा करून राह्यले?"

मी पाहिलं, तर पुढच्या बाकावर शकील सरही अगदी तसेच हात फिरवत होते! दोघांचे हात एकाच लयीत. मॅडमनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "दोघं मिळून कॉपी चालू हाय काय? उभे राहा!"

नापास झालो असतो तर एक वेळ पुन्हा बसता आलं असतं; कॉपीत सापडलेला शिक्षक म्हणून गावात तोंड कुठं दाखवणार? सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

"मॅडम, कॉपी न्हाई," मी म्हणालो. "गोधडी हाय."

"काय?"

"काल घरी दसरा काढला. गोधड्या पिळता पिळता अभ्यास केला. आता पिळल्याशिवाय आठवत न्हाई."

"अल्लाह कसम मॅडम," शकील सर वळून म्हणाले, "दुसरं टोक मी धरलं होतं."

मॅडम आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. बोटं साबणानं फुगलेली, तळव्यांना फोड. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"झाला का तुमचा सगळा?" त्यांनी विचारलं.

"हो. भिंतीसकट."

"माझा राह्यलाय हो अजून," त्या म्हणाल्या आणि एक मोठा श्वास सोडला. "या ड्यूटीपायी! घरी गेल्यावर भांडी काढायचीत." मग त्यांनी आवाज चढवला. "बसा खाली. बाकाखाली हात ठेवून पिळा. अन् सर, तुम्ही पुढं बघा. गोधडी सोडा त्यांची."

मी उरलेला पेपर बाकाखाली पिळून लिहिला.

काही दिवसांनी उत्तरसूची आली. ऋतुजा मोबाईल घेऊन बसली, मी प्रश्नपत्रिका घेऊन. मंगल स्वयंपाकघरात होती, पण तिथला भांड्यांचा आवाज बंद पडला होता. शकील सरांचा फोन आधीच येऊन गेला होता. ते व्यवस्थित पास होते आणि मिठाई घेऊन निघाले होते. माझा हिशोब मात्र काठावर लटकत होता. ऋतुजा एकेक उत्तर तपासत होती आणि मी देवाला एकेक नवस बोलत होतो. शेवटी एकच प्रश्न उरला. तो बरोबर आला तर पास, नाही तर सगळं पुन्हा.

"पप्पा, हा ऐका," ऋतुजा म्हणाली. "आपल्याला जसं दिसतं तसंच सगळ्या जगाला दिसतं, समोरच्याचं काही वेगळं म्हणणं असंल हे ज्याला समजतच न्हाई, असं मूल साधारण कोणत्या वयाचं असतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधीच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"सत्तेचाळीस!"

"आई, पर्यायात न्हाई ते," ऋतुजा म्हणाली. "पप्पा, तुम्ही काय लिहिलंतं?"

"दोन ते सात," मी म्हणालो. हा मुद्दा ठेवायला घरात जागा उरली नव्हती. परीक्षेच्या हॉलमध्ये कुठून सुचला, देव जाणे.

ऋतुजानं मोबाईल पाहिला. परत पाहिला. आणि किंचाळली, "बराबर! पप्पा, पास!"

मला एकदम खुर्चीत बसावं लागलं. नोकरी राहिली. डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. मंगल पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती.

"अवस्था बराबर ओळखली तुम्ही," ती म्हणाली. "आता तेवढी ओलांडा."

मी मनापासून मान डोलावली, यापुढे समोरच्याचाही विचार करायचा असं तिला वचन दिलं, आणि माझा चहा अजून का आला नाही, ते विचारलं.